जिफीज आणि टास्कची स्टेट: केसीसॅनमधले दोन अपवाद कसे गेले

लिनक्स कर्नलमधल्या डेटा रेस, म्हणजे एकाच जागेवर एकाच वेळी होणारं धोकादायक वाचन-लेखन, शोधणाऱ्या केसीसॅन या टूलमध्ये २०२० च्या सुरुवातीला एक छोटंसं फंक्शन होतं. त्याला मेमरीतला एक पत्ता द्यायचा. तो जिफीज या घड्याळाच्या टिक मोजणाऱ्या व्हेरिएबलचा किंवा चालू टास्कच्या स्टेट या फील्डचा निघाला तर फंक्शन ‘हो’ म्हणायचं, एरवी ‘नाही’. उत्तर ‘हो’ आलं की त्या पत्त्यावर पाळत ठेवायची नाही. कोडमध्ये हा सगळा एका ओळीचा मामला होता. वर कॉमेंटमध्ये कारणही दिलेलं होतं: डेटा रेसमध्ये आढळलेली व्होलाटाइल व्हेरिएबल्स. व्होलाटाइल म्हणजे ‘प्रत्येक वेळी मेमरीतूनच वाच, मेमरीतच लिही’ असं कंपायलरला बजावणारा सी भाषेतला शब्द.

त्याच वर्षी ती ओळ निघाली. फंक्शन तेवढं शिल्लक राहिलं, सगळ्यांनाच ‘नाही’ म्हणणारं. वरवर पाहता बदल क्षुल्लक आहे, पण त्यामागे कंपायलरमध्ये झालेला एक बदल आहे. त्याने केसीसॅनची मांडणी बरीच सोपी केली आणि रीड_वन्स, राइट_वन्स या कर्नलभर पसरलेल्या मॅक्रोंवरचं ओझं उतरवलं. ड्रायव्हर किंवा कर्नल मॉड्यूल लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण समजून घ्यावं असं मला वाटतं. केसीसॅन आपल्या कोडमध्ये काय पाहतं आणि कशाकडे काणाडोळा करतं, हे त्यातून नेमकं कळतं.

साधा ॲक्सेस आणि खूण केलेला ॲक्सेस

लिनक्स कर्नलचं मेमरी मॉडेल २०१८ मध्ये, ४.१७ या आवृत्तीत, कर्नलच्या सोर्समध्ये दाखल झालं. त्यानुसार डेटा रेस होण्यासाठी काही गोष्टी एकत्र याव्या लागतात. दोन सीपीयू किंवा दोन थ्रेड एकाच जागेला एकाच वेळी हात घालतात, त्यातला किमान एक लिहितो, आणि दोघांपैकी किमान एकाचा ॲक्सेस ‘साधा’ असतो. शेवटची अट इथे महत्त्वाची आहे.

साधा ॲक्सेस म्हणजे सी भाषेत नेहमीसारखं लिहिलेलं वाचन-लेखन. त्यावर कंपायलरला पूर्ण मोकळीक असते. एकदा वाचलेली किंमत तो रजिस्टरमध्ये धरून ठेवेल, वाटलं तर पुन्हा मेमरीतून वाचेल, एक लेखन दोन तुकड्यांत करेल, लूपमधलं वाचन लूपच्या बाहेर काढेल. एकाच थ्रेडचा विचार केला तर यात काहीच वावगं नाही. पण दुसरा सीपीयू त्याच वेळी ती किंमत बदलत असेल तर यातली प्रत्येक गोष्ट घात करू शकते.

म्हणून ‘इथे दुसरा कोणी हात घालू शकतो, हे मला ठाऊक आहे’ असं सांगण्यासाठी कर्नलमध्ये ॲक्सेसवर खूण करतात. सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या खुणा म्हणजे रीड_वन्स आणि राइट_वन्स. त्यांच्या पोटात काय आहे? पॉइंटर व्होलाटाइल प्रकारात कास्ट करायचा आणि त्यातून वाचायचं किंवा लिहायचं. आधी हेच काम ॲक्सेस_वन्स हा मॅक्रो करायचा. जीसीसी या कंपायलरच्या ४.६ आणि ४.७ आवृत्त्यांमध्ये असा दोष निघाला, की स्ट्रक्चरसारख्या प्रकारांवर व्होलाटाइल लावलं तर कंपायलर ते गाळून टाकायचा. त्यामुळे २०१४ मध्ये ख्रिस्टियान बोर्नट्रेगर यांनी नवे मॅक्रो आणले आणि ४.१५ पर्यंत ॲक्सेस_वन्स पूर्ण हद्दपार झाला. तरी आतला पाया व्होलाटाइलचाच राहिला.

इथे सी भाषेचं मानक आणि कर्नल यांच्यात एक फट पडते. २०११ च्या मानकात ॲटॉमिक प्रकार आले. त्या मानकाच्या नजरेत व्होलाटाइल म्हणजे ॲटॉमिक नव्हे, आणि दोन थ्रेडांनी व्होलाटाइल व्हेरिएबलवर एकाच वेळी केलेलं वाचन-लेखन हीसुद्धा डेटा रेसच. कर्नलची रीत याहून जुनी आहे. तिथे नीट अलाइन केलेल्या (आपल्या आकाराच्या पटीतल्या पत्त्यावर बसवलेल्या), मशीन वर्डएवढ्या जागेवरचा व्होलाटाइल ॲक्सेस हा खूण केलेला ॲक्सेस मानला जातो. युजर स्पेसमधल्या प्रोग्राममध्ये डेटा रेस शोधणारा थ्रेड सॅनिटायझर, म्हणजे टीसॅन, मानकाप्रमाणे चालतो. केसीसॅनला चालायचं होतं कर्नलप्रमाणे, पण कोडमध्ये कॉल पेरण्यासाठी कंपायलरची यंत्रणा मात्र टीसॅनचीच वापरायची होती. पुढची सगळी गुंतागुंत या एका उसनवारीतून आली.

केसीसॅन पाळत कशी ठेवतं

केसीसॅन म्हणजे कर्नल कन्करन्सी सॅनिटायझर. गूगलमधल्या मार्को एल्व्हर यांनी ते सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.८ या आवृत्तीत ते मुख्य कर्नलचा भाग झालं. त्याआधी केटीसॅन नावाचा प्रयत्न झाला होता. कोणत्या लॉकने कोणता क्रम पक्का होतो याची नोंद ठेवून रेस ओळखायची, अशी त्याची पद्धत. कर्नलमध्ये सिंक्रोनायझेशनचे इतके प्रकार आहेत की प्रत्येक प्रकार टूलला शिकवत बसावं लागे. एखादा राहिला की खोट्या तक्रारींचा पाऊस. केसीसॅनने वेगळी वाट धरली. त्यामागची कल्पना २०१० मधल्या डेटाकोलायडर या मायक्रोसॉफ्टच्या संशोधनातून आली आहे. तिथे विंडोज कर्नलवर हार्डवेअर ब्रेकपॉइंट लावून हेच केलं होतं.

कंपायलर प्रत्येक वाचन-लेखनाच्या आधी एक कॉल पेरतो. आठ बाइटचं वाचन असेल तर टीसॅन_रीड८, चार बाइटचं लेखन असेल तर टीसॅन_राइट४. ही फंक्शन्स केसीसॅन स्वतः पुरवतं. बहुतेक वेळा कॉल येतो, या जागेवर आधीच कोणी वॉचपॉइंट, म्हणजे पाळतीची नोंद, लावलाय का एवढं पाहतो आणि परत जातो. साधारण दर ४,००० ॲक्सेसमागे एकदा, हा आकडा बदलता येतो, केसीसॅन त्या पत्त्यावर स्वतःचा वॉचपॉइंट लावतं, तिथली किंमत टिपून ठेवतं आणि मुद्दाम थोडा वेळ थांबतं. टास्कच्या संदर्भात ही उसंत डीफॉल्टने जास्तीत जास्त ८० मायक्रोसेकंद, इंटरप्टमध्ये २०. तेवढ्यात दुसरा सीपीयू त्याच जागेवर आला आणि त्याला वॉचपॉइंट दिसला, की दोघेही रंगेहाथ सापडले. दोन्ही बाजूंच्या स्टॅक ट्रेससकट रिपोर्ट छापला जातो. कोणी सापडलं नाही पण किंमत मात्र बदललेली दिसली, तर ‘अज्ञात ठिकाणाहून रेस’ असा रिपोर्ट येतो.

खूण केलेल्या ॲक्सेससाठी नियम वेगळा आहे. तो स्वतः कधीच वॉचपॉइंट लावत नाही. दुसऱ्याने लावलेला आहे का ते मात्र पाहतो. दोन खूण केलेले ॲक्सेस एकमेकांत आले तर कोणीच पाळतीवर नसतं, म्हणून रिपोर्ट नाही. साधं वाचन पाळतीवर बसलेलं असताना राइट_वन्सने लिहिणारा आला तर तो पकडला जातो. मेमरी मॉडेलच्या व्याख्येशी हे चोख जुळतं.

आता या यंत्रणेला सुरुवातीला काय दिसत नव्हतं ते पाहा. टीसॅनच्या दृष्टीने व्होलाटाइल वाचन आणि साधं वाचन यांत फरकच नव्हता. दोन्हींसाठी कंपायलर एकच टीसॅन_रीड८ पेरायचा. ‘ही जागा सगळ्यांची आहे’ हे प्रोग्रामरने सोर्समध्ये लिहिलेलं होतं, कंपायलरने ते वाचलंही होतं, आणि नेमकं केसीसॅनकडे पोचेपर्यंत ते हरवत होतं.

जिफीज जवळून

जिफीज हा कर्नलचा टिक मोजणारा काउंटर. तो शून्यापासून सुरू होत नाही. ३२ बिटी काउंटर बूट झाल्यावर पाच मिनिटांतच पुन्हा शून्यावर यावा अशी त्याची सुरुवातीची किंमत ठेवली आहे. हेतू हा, की ओव्हरफ्लो न सांभाळणारा कोड लगेच उघडा पडावा. त्याची घोषणा व्होलाटाइल अनसाइन्ड लाँग अशी आहे. कर्नलमध्ये नवं व्होलाटाइल व्हेरिएबल आणायला सक्त विरोध असतो. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातसुद्धा जिफीज हा जुना वारसा म्हणून अपवाद मानला आहे. ‘अमुक वेळ होईपर्यंत थांब’ असे लूप जिफीज थेट वाचतात. ते चालतात कारण व्होलाटाइलमुळे प्रत्येक फेरीत ताजी किंमत मेमरीतून येते.

लिहिण्याची बाजू वेगळी आहे. टिकचा हँडलर जिफीज_६४ या दुसऱ्या नावाने लिहितो. हे ६४ बिटी व्हेरिएबल आहे आणि त्यावर व्होलाटाइल नाही. एक्स८६-६४ वर लिंकर स्क्रिप्टमध्ये ‘जिफीज बरोबर जिफीज_६४’ अशी सरळ एक ओळ आहे. म्हणजे नावं दोन, पत्ता एकच. लेखन साध्या ‘अधिक-बरोबर’ने होतं, पण लॉक आणि सीक्वेन्स काउंटर (मध्येच लेखन झालं का हे वाचणाऱ्याला कळवणारा काउंटर) यांच्या आत.

आता फरक न कळणारं केसीसॅन इथे सोडा. कोणीतरी जिफीज वाचतं, टीसॅन_रीड८ येतो, नेमका त्याच वेळी वॉचपॉइंट लावण्याचा नंबर लागतो, आणि ८० मायक्रोसेकंदांपर्यंतची उसंत सुरू होते. एचझेड, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या टिकची संख्या, २५० असेल तर दर ४,००० मायक्रोसेकंदांनी टिक येते. घड्याळ पुढे ढकलण्याचं काम त्या वेळी दुसऱ्या सीपीयूकडे असेल, तर अशा पन्नास पाळतींपैकी एखादीत लेखन सापडू शकतं. एचझेड १,००० असेल तर हेच प्रमाण बारा-तेरात एकावर जातं. आणि जिफीज वाचणारा कोड कुठे नाही? नेटवर्क, ब्लॉक लेयर, टायमर, ड्रायव्हर, सगळीकडे. यातला एकही रिपोर्ट खऱ्या दोषाचा नसता.

म्हणून तो पत्ता-तपासणीचा अपवाद आला. तात्पुरता इलाज म्हणून तो समजण्यासारखा आहे. पण पत्त्यावरून निर्णय घेण्यात दोन बाजूंनी चूक होते, आणि या दोन अपवादांमध्ये दोन्ही बाजू दिसतात.

जिफीजच्या बाबतीत अपवाद गरजेपेक्षा मोठा होता. पत्ता एकच असल्यामुळे कोणी जिफीज_६४ साध्या वाचनाने थेट वाचलं, तरी केसीसॅन त्यावर पाळत ठेवत नसे. ते वाचन खरोखर साधं आहे आणि मॉडेलप्रमाणे तक्रारीला पात्र आहे. पत्त्याच्या नियमाने तेही झाकलं जायचं.

स्टेटच्या बाबतीत उलट झालं. प्रत्येक टास्कच्या स्ट्रक्चरमध्ये स्टेट हे फील्ड होतं, तेव्हा व्होलाटाइल लाँग म्हणून घोषित केलेलं. टास्क चालण्याजोगी आहे, झोपलेली आहे की थांबवलेली, हे त्यात लिहिलेलं असतं. अपवाद फक्त करंटच्या, म्हणजे त्या क्षणी त्या सीपीयूवर चालू असलेल्या टास्कच्या, स्टेटपुरता होता. पण स्टेट दुसऱ्याचीही पाहिली जाते. पीएस कमांडसाठी प्रॉक फाइलसिस्टिममधून माहिती काढताना कर्नल भलत्याच टास्कची स्टेट वाचतो. तिथे पत्ता करंटचा नसतो, म्हणून अपवाद लागू होत नाही. फील्ड तेच, घोषणा तीच, वाचनाचा प्रकारही तोच; एकाला सूट आणि दुसऱ्याला नाही. पत्त्यांची यादी कितीही वाढवली तरी हे सुटणारं नव्हतं. प्रश्न ‘कोणत्या जागेवर’ हा नव्हताच, ‘कोणत्या प्रकारचा ॲक्सेस’ हा होता.

रीड_वन्सच्या आतली गर्दी

अपवादांचं एकवेळ चाललं असतं. खरा भार रीड_वन्सवर होता. कंपायलर फरक सांगत नाही म्हटल्यावर तो फरक मॅक्रोने स्वतः सांगायचा, असं ठरलं होतं. २०२० च्या मे महिन्यात विल डीकन यांनी हे मॅक्रो नव्याने लिहिले. त्यानंतरचं केसीसॅन चालू असलेल्या कर्नलमधलं एक रीड_वन्स उघडून पाहा. आधी केसीसॅनला सांगायचं, या टास्कसाठी तपासणी बंद कर. मग प्रत्यक्ष व्होलाटाइल वाचन. त्याच्या आधी कंपायलरने आपणहून पेरलेला टीसॅन_रीड८ येतो आणि तपासणी बंद असल्याचं पाहून काही न करता परत जातो. मग तपासणी पुन्हा चालू. मग वेगळ्या कॉलने सांगायचं, आत्ता जे वाचलं ते ॲटॉमिक होतं, तसं तपास. एका वाचनासाठी चार कॉल. शिवाय बंद-चालू करणारा डेटा_रेस हा मॅक्रो दिलेली एक्स्प्रेशन दोनदा मांडायचा, एकदा प्रकार ओळखायला आणि एकदा चालवायला. मॅक्रोच्या आत मॅक्रो आले की प्रीप्रोसेसरचा मजकूर फुगत जायचा.

याहून जास्त अडचणीची गोष्ट इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे असे कॉल पेरणं, निषिद्ध असलेल्या कोडची होती. इंटरप्ट आणि सिस्टिम कॉलच्या प्रवेशाचा कोड फार नाजूक असतो. त्या क्षणी कर्नलची स्थिती पूर्ण बसलेली नसते, तिथे कोणत्याही टूलचा कॉल येणं धोक्याचं. ५.८ च्याच सुमारास थॉमस ग्लाइक्सनर, पीटर झिल्स्ट्रा आणि इतर मंडळी हा कोड नव्याने लावत होती, आणि त्यासाठी नोइन्स्ट्र ही खूण आली होती. फंक्शनवर ती असली की कंपायलर तिथे काहीही पेरत नाही. पण मॅक्रोमध्ये हाताने लिहिलेले कॉल कंपायलरने पेरलेले नसतात. त्याच्या लेखी ते प्रोग्रामरने मागितलेले साधे फंक्शन कॉल. त्यामुळे नोइन्स्ट्र फंक्शनमध्ये रीड_वन्स वापरलं की केसीसॅन मागच्या दाराने आत. ऑब्जटूल हे कर्नलचं तपासनीस टूल अशाच गोष्टी पकडण्यासाठी आहे.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. कंपायलरला माहीत असलेली गोष्ट लायब्ररीने किंवा मॅक्रोने पुन्हा सांगायला घेतली, की कंपायलरचे नियम त्या पुनरुक्तीला लागू होत नाहीत. बंद करायचं बटण एकीकडे आणि वायर दुसरीकडे, अशी गत होते.

कंपायलरमध्ये एक फाटा

उपाय एल्व्हर यांनी कंपायलरमध्येच केला. २०२० च्या वसंतात क्लँग या कंपायलरमध्ये आणि जूनमध्ये जीसीसीमध्ये एक पर्याय आला: टीसॅन-डिस्टिंग्विश-व्होलाटाइल. तो चालू केला की व्होलाटाइल वाचनासाठी टीसॅन_रीड८ ऐवजी टीसॅन_व्होलाटाइल_रीड८ पेरला जातो. लेखनाचंही तसंच, आणि अलाइन नसलेल्या ॲक्सेससाठी वेगळी नावं. बस, एवढंच. सी मानकाप्रमाणे व्होलाटाइलला सूट नाही, त्यामुळे युजर स्पेसमधल्या टीसॅनचं वागणं बदलणं चुकीचं ठरलं असतं. म्हणून हा पर्याय डीफॉल्टने बंद असतो आणि मागितला तरच मिळतो. क्लँगमध्ये तो एलएलव्हीएमच्या अंतर्गत पर्यायांत आहे, जीसीसीमध्ये पॅरॅमच्या रूपाने.

मग कर्नलची बाजू सरळ झाली. टीसॅन_व्होलाटाइल_रीड८ आला की केसीसॅन तो खूण केलेला ॲक्सेस मानतं. रीड_वन्समधून बंद-चालूची जोडी गेली, ॲटॉमिक तपासणीचा वेगळा कॉल गेला. चारांच्या जागी एक कॉल उरला, आणि तोही कंपायलरने पेरलेला. नोइन्स्ट्र फंक्शनमध्ये तो आपोआप नाहीसा होतो. आत व्होलाटाइल वापरणारे इतर प्रिमिटिव्हही याच नियमात बसले. त्यांच्यासाठी वेगळं काही लिहावं लागलं नाही.

जिफीजची तक्रार कशी थांबली तेही पाहण्यासारखं आहे. वाचन व्होलाटाइल, म्हणून ते पाळतीवर बसत नाही. लेखन साधं आहे खरं, पण सीक्वेन्स काउंटरचा लेखन-विभाग सुरू होताना केसीसॅनला सांगितलं जातं की हा विभाग संपेपर्यंतचे ॲक्सेस ॲटॉमिक धर. म्हणून तेही पाळतीवर बसत नाही. पत्ता बघण्याची गरजच उरली नाही. आणि जिफीज_६४ थेट साध्या वाचनाने वाचणारा आता पुन्हा केसीसॅनच्या नजरेखाली आला.

सरसकट सूट मात्र दिलेली नाही. व्होलाटाइल ॲक्सेस ॲटॉमिक मानण्यासाठी तो जास्तीत जास्त आठ बाइटचा हवा आणि आपल्या आकाराप्रमाणे अलाइन केलेला हवा. सोळा बाइटचं व्होलाटाइल वाचन, किंवा पॅक्ड स्ट्रक्चरमधलं तिरकं बसलेलं फील्ड, हे व्होलाटाइल असूनही साधंच धरलं जातं, कारण असं वाचन एका दमात होईल याची खात्री प्रोसेसर देत नाही. रीड_वन्सची कंपाइलच्या वेळची आकाराची अट हीच आहे; केसीसॅनने तीच उचलली आणि तिला अलाइनमेंटची जोड दिली.

या सोपेपणाची किंमत तात्काळ मोजावी लागली. सुरुवातीला केसीसॅन जीसीसी ७.३ आणि क्लँग ७ वर चालायचं. ५.८ मध्ये क्लँग ११ ची अट आली, आणि क्लँग ११ प्रसिद्ध झालं ऑक्टोबर २०२० मध्ये. म्हणजे ५.८ वर केसीसॅन चालवायचं तर अजून प्रसिद्ध न झालेला कंपायलर सोर्समधून बांधून घ्यायचा. जीसीसीचा आधार तर काही काळ पूर्ण सुटला, ५.९ मध्ये तो जीसीसी ११ च्या अटीवर परत आला, आणि जीसीसी ११ यायला एप्रिल २०२१ उजाडलं. तरीही निर्णय योग्य होता असं मी ठामपणे म्हणेन. हे टूल ग्राहकाच्या मशीनवर चालत नाही, डेव्हलपर आणि फझिंगच्या (वाटेल ते इनपुट देऊन दोष शोधण्याच्या) सर्व्हरवर चालतं. तिथे नवा कंपायलर लावणं शक्य असतं. चार कॉलांचा रीड_वन्स मात्र कर्नलच्या सोर्समध्ये सगळ्यांनी वर्षानुवर्षं वागवला असता.

व्होलाटाइल लिहून गप्प बसवता येतं का

येतं. आणि हे लपवण्यात अर्थ नाही.

समजा एका ड्रायव्हरमध्ये पॅकेट मोजणारा व्होलाटाइल इंट आहे आणि दोन सीपीयू तो प्लस-प्लसने वाढवतात. कंपायलर एक व्होलाटाइल वाचन आणि एक व्होलाटाइल लेखन पेरतो. दोन्ही खूण केलेले, त्यामुळे केसीसॅन गप्प. पण दोघांनी एकाच वेळी पाच वाचलं आणि दोघांनी सहा लिहिलं, तर एक पॅकेट मोजणीतून गेलंच. मॉडेलच्या व्याख्येत ही डेटा रेस नाही, पण तर्कातली रेस आहे. इथे ॲटॉमिक इन्क्रिमेंट किंवा लॉक हवा. राइट_वन्स आणि रीड_वन्स जोडून असाच कोड लिहिला असता तरी परिणाम हाच.

क्रमाचंही तसंच. व्होलाटाइल म्हणजे बॅरियर, म्हणजे ॲक्सेसचा क्रम पक्का करणारी सूचना, नव्हे. डेटा आधी लिहिला आणि ‘तयार’चा फ्लॅग व्होलाटाइलने नंतर लिहिला, म्हणून दुसऱ्या सीपीयूला ते त्याच क्रमाने दिसेल असं एआरएमवर अजिबात नाही. हे पकडण्यासाठी ५.१७ मध्ये केसीसॅनमध्ये वीक मेमरीचा वेगळा पर्याय आला. काही प्रकारचे गाळलेले बॅरियर त्यात सापडतात.

मग केसीसॅनने जुन्या व्होलाटाइलवर संशय घ्यायला हवा होता का? मला तसं वाटत नाही. रीड_वन्समधलं व्होलाटाइल आणि घोषणेतलं व्होलाटाइल यांत मशीन कोडच्या पातळीवर फरक नसतो. कंपायलर दोन्हींना तीच हमी देतो. टूलने दिलेली हमी मानावी. तो शब्द तिथे योग्य आहे की नाही हे ठरवणं रिव्ह्यूचं काम आहे, आणि त्यासाठी चेकपॅच आहेच. पॅचमध्ये व्होलाटाइल दिसलं की तो इशारा देतो आणि डॉक्युमेंटेशनमधल्या त्या प्रकरणाकडे बोट दाखवतो. आपल्या ड्रायव्हरवर केसीसॅन चालवून एकही रिपोर्ट आला नाही, तर निश्चिंत होण्याआधी सोर्समध्ये व्होलाटाइल हा शब्द ग्रेप करावा. प्रत्येक ठिकाणी हा शब्द कशासाठी आहे हे कोणाला सांगता येतं का, ते पाहावं.

त्यानंतर

स्टेटचं पुढे काय झालं? २०२१ मध्ये ५.१४ मध्ये पीटर झिल्स्ट्रा यांनी त्या फील्डवरचं व्होलाटाइलच काढून टाकलं, आकार लाँगवरून इंटवर आणला आणि नावाआधी दोन अंडरस्कोअर लावले. नाव बदलल्यामुळे ते थेट वापरणारा प्रत्येक कोड कंपाइल होईनासा झाला आणि प्रत्येक ठिकाणी रीड_वन्स किंवा योग्य हेल्पर घालावा लागला. खूण घोषणेवरून उचलून प्रत्येक वापराच्या जागी आली. आता कोड वाचणाऱ्याला त्या ओळीवरच दिसतं की ही किंमत दुसरा कोणी बदलू शकतो. मला ही पद्धत जास्त पसंत आहे. जिफीज अजून व्होलाटाइलच आहे.

पत्त्यांचे अपवाद ठेवण्याची फाइल ५.१५ मध्ये ‘परमिसिव्ह’ नावाने नव्याने बांधली गेली, आणि तिच्यात एक पत्ता परत आलासुद्धा: चालू टास्कच्या फ्लॅग्जचा. कारण वेगळं होतं. त्या फील्डवरच्या बिट-उलाढाली इतक्या ठिकाणी साध्या ॲक्सेसने होतात की त्यांचे रिपोर्ट बाकी सगळं झाकून टाकतात. फरक असा, की हा नियम एका कॉन्फिग पर्यायामागे आहे. पर्याय चालू केला तरच तो लागू होतो, आणि ज्याला कडक तपासणी हवी तो बंद ठेवतो.

व्होलाटाइल वेगळं ओळखण्याचा सगळ्यात अनपेक्षित उपयोग २०२४ मध्ये, ६.१० मध्ये, झाला. काही व्हेरिएबल्स अशी असतात की त्यांच्यावरची रेस मान्य आहे: आकडेवारीचे काउंटर, डीबगचे फ्लॅग, कधीतरी बदलणारी सेटिंग. प्रत्येक वापरावर डेटा_रेस मॅक्रो लावत बसणं कंटाळवाणं, आणि खरं व्होलाटाइल लावलं तर एरवीच्या कर्नलमध्ये ऑप्टिमायझेशन विनाकारण अडतं. एल्व्हर यांनी डेटा_रेसी नावाचा टाइप क्वालिफायर आणला. केसीसॅन चालू असलेल्या बिल्डमध्ये तो व्होलाटाइल होतो, आणि व्होलाटाइलला खूण केलेला ॲक्सेस मानण्याची सोय आधीपासून होतीच, त्यामुळे केसीसॅनमध्ये एक ओळही बदलावी लागली नाही. बाकीच्या बिल्डमध्ये तो शब्द रिकामा होतो आणि कंपायलरला आपली मोकळीक परत मिळते. तो घोषणेत लिहिताना रिव्ह्यूअर एकच गोष्ट विचारतात: इथे चुकीची किंमत वाचली गेली तर काय बिघडेल? ‘काही नाही’ हे उत्तर कॉमेंटमध्ये कारणासकट लिहिता येत नसेल, तर तिथे तो क्वालिफायर लावू नये.